अमोलिकबाईंची स्वस्त बाटली

अमोलिकबाई गेल्या तेव्हा दिल्लीतल्या आमच्या महिला मंडळानं शोकसभा ठेवली. तुम्ही इतकी वर्षं शेजारी राहिलात, चार शब्द बोला, असा मला फोन आला. मी हो म्हटलं. संध्याकाळी पुन्हा फोन. "वहिनी, फक्त ते बाटलीचं तेवढं काढू नका." मी म्हटलं, मग तुम्हीच बोला. बाटली वगळली तर बाईंबद्दल सांगण्यासारखं एवढंच उरतं की त्या वक्तशीर होत्या. वक्तशीर तर दूधवालाही असतो.

सभेला मी गेले नाही. तिथे जे बोलायचं नव्हतं ते इथे लिहिते.

आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही तळमजल्यावर राहायचो आणि बाई आमच्या डोक्यावर. आमचे हे मंत्रालयात असिस्टंट. बाई सेक्शन ऑफिसर, म्हणजे ह्यांच्यापेक्षा वरच्या. मजलाही वरचा आणि हुद्दाही वरचा, हे आमच्या ह्यांना कधी नीटसं पचलं नाही. बाई मूळच्या नगरच्या, मराठी ख्रिस्ती. लग्न केलेलं नव्हतं. उंच, सावळ्या, कडक इस्त्रीची सुती साडी, पायात पुरुषी चपला. बोलणं असं की आपलंच काहीतरी चुकलंय असं समोरच्याला वाटावं. पण कॉलनीत त्यांची ओळख एकच होती. भाजीवालासुद्धा सांगायचा, "वो लाल वाइन वाली मैडम."

दर शनिवारी दुपारी बाई एक ग्लास लाल वाईन प्यायच्या. बाल्कनीत, उन्हात खुर्ची टाकून, समोरच्या ब्लॉकमधल्या सगळ्या खिडक्यांच्या देखत. ग्लास चहाच्या टपरीवर असतो तसला, जाड काचेचा. ताटात बहुतेक वेळा पिठलं-भाकरी आणि लसणाची चटणी. मी एकदा म्हटलं, "बाई, अशा गोष्टीबरोबर मटण लागतं म्हणतात."

"मटणाबरोबर काहीही उतरतं, वत्सला. पिठल्याबरोबर उतरली तर ती खरी."

बाटली आपल्या महाराष्ट्रातल्याच द्राक्षांची, कुठल्याशा लहान कारखान्यातली. तिच्यावर द्राक्षाच्या घडाचं चित्र होतं, तेही असं काढलेलं की जांभळं वाटावीत. अतिशय स्वस्त. ठेक्यावर, म्हणजे दिल्लीतल्या सरकारी दारूच्या दुकानात, ती सगळ्यात खालच्या फळीवर धूळ खात पडलेली असायची. ज्याला चढायला हवी त्याला ती सरबत वाटायची, ज्याला सरबत हवं त्याला ती दारू वाटायची. त्यामुळे तिला कोणी विचारत नसे.

मी बाईंना ठेक्यावर एकदा पाहिलंय. मी शेजारी भाजी घेत होते. लोखंडी जाळीसमोर पुरुषांची झुंबड, आणि मधे ह्या. लोक बाजूला होत होते, ते मान देऊन नव्हे, आपली शिक्षिका दिसल्यासारखे. दुकानदार म्हणाला, "मैडम, ये तो क्रिसमस में केक वाले ले जाते हैं. कुछ अच्छी दूँ?"

"केक नहीं बनाना है. पीनी है."

त्यानं बाटली वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतली. तेव्हा सगळ्यांच्याच बाटल्या वर्तमानपत्रात जायच्या. बाई म्हणाल्या, "अखबार रहने दो. चोरी का माल है क्या?" आणि पदरानं बाटलीवरची धूळ पुसून ती जाळीच्या पिशवीत ठेवली. लोक बाटली खाली आणि मेथी वर ठेवतात. बाईंनी मेथी चिरडायला नको म्हणून बाजूला सारली आणि बाटली उभी ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी. मागे आमच्याच ब्लॉकमधले एक गृहस्थ होते. त्यांनी मला पाहिलं आणि आपली बाटली स्वेटरच्या आत घातली. स्वेटर इतका फुगला की मीच नजर वळवली.

आमच्या ब्लॉकमध्ये न पिणारा पुरुष कोण, असं कोणी विचारलं तर मला आठवावं लागेल. आमचे हे गणपतीच्या कमिटीत होते. कमिटीच्या मीटिंगा आमच्या पुढच्या खोलीत व्हायच्या, दार लावून. फौजेतल्या मेव्हण्यानं दिलेली कॅन्टीनची रम, स्टीलचे पेले, माझी कांदाभजी आणि शेवटी मूठभर बडीशेप. गणपती भाद्रपदात, मीटिंगा माघापासून. रम खोकल्यासाठी, ब्रँडी छातीसाठी, व्हिस्की पाहुण्यांसाठी. त्या सगळ्या घरांत दारू होती, पिणारा मात्र कोणी नव्हता.

अशा लोकांना बाईंची पंचाईत व्हायची. पिते त्याचं फार नव्हतं. कारण सांगत नाही, हे खरं दुखणं. मग लोकांनीच कारणं शोधली. पहिलं कारण, "त्यांच्यात चालतं." हे कुणीतरी बाईंच्या तोंडावर म्हटलं.

"आमच्यात मुळीच चालत नाही," बाई म्हणाल्या. "माझे वडील पाळक, आमच्या देवळात दारूबंदीवर उपदेश करायचे. खोकल्याचं औषध आणलं तरी आधी वास घेऊन बघायचे. प्रभुभोजनाला वाईनची रीत, तिथेसुद्धा आमच्याकडे द्राक्षाचा रस असायचा. मी पिते ती माझी मी पिते. आमच्या लोकांच्या माथी मारू नका."

दुसरं कारण दुःखाचं. कोणी पंजाबी मेजर होता, त्यानं फसवलं, तेव्हापासून बाई पितात. मला ती गोष्ट पटली होती, कारण छान होती. मी सरळ विचारलं. बाई हसल्या. त्या फार क्वचित हसायच्या आणि हसल्या की ठसका लागायचा.

"ऑफिसच्या टूरवर गेले होते. द्राक्षांच्या फाइली माझ्याकडे होत्या. एका बागवाल्यानं घोटभर चाखायला दिली. आवडली."

"बस? एवढंच?"

"तुला भेंडी आवडते, त्यात कोण मेजर होता?"

तिसरं कारण औषधाचं. पलीकडच्या ब्लॉकमधले एक डॉक्टर भेटतील तिथे सांगायचे की लाल वाईन हृदयाला चांगली, बाई समजूतदार आहेत, औषध म्हणून घेतात. बाईंनी त्यांना जिन्यात गाठलं. "डॉक्टर, माझं हृदय ठीक आहे. उगाच माझ्या ग्लासात औषध घालू नका. चव बिघडते."

उन्हाळ्यात बाटलीचे हाल. दिल्लीचा मे महिना, वर गच्ची तापलेली. फ्रिजमध्ये ठेवली की ती मुकी होते, असं बाईंचं म्हणणं. म्हणून माठाखालच्या ओल्या वाळूत बाटली रोवायची आणि वरून भिजवलेलं गोणपाट. एका वर्षी उघडलेली अर्धी बाटली तशीच ठेवून बाई रजेवर नगरला गेल्या. परत आल्या तोवर तिचा शिरका झाला होता. बाईंनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, पण टाकली नाही. लहान कांदे सोलून त्यात घातले आणि वाटीभर मला पाठवले. आमच्या ह्यांनी सगळी वाटी भातावर, पोळीबरोबर, नुसती, अशी संपवली. कशात मुरवलेत ते मी नंतर सांगितलं. हे उठले, मोरीत जाऊन दोनदा चूळ भरली, देवाला हात जोडले आणि मीटिंगला बसले.

मग बाई रिटायर झाल्या. सरकार काही महिने क्वार्टर ठेवू देतं, मग सोडावंच लागतं. नगरच्या घरात भाऊ आणि त्याचा संसार. तिकडे जायचं बाईंच्या मनात नव्हतं. यमुनेपलीकडे आपल्या मराठी लोकांनी मिळून बांधलेली एक सोसायटी होती. तिथे तळमजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट रिकामा झाला. मालक मुंबईला. भाडेकरू कोण ठेवायचा ते मात्र कमिटी बघायची. मी बाईंबरोबर फ्लॅट बघायला गेले. बाईंनी खोल्यांवरून नुसती नजर फिरवली आणि व्हरांड्यात जाऊन उभ्या राहिल्या. चौकीदाराची खुर्ची मागून घेतली, ती कठड्याशी लावून पाहिली, बसून पाहिली. दक्षिणेकडचा व्हरांडा, समोर दुसरी इमारत नाही.

"हे घर मला हवं," त्या म्हणाल्या. "नोकरीभर हिंदीत आणि इंग्रजीत भांडले, वत्सला. आता म्हातारपणी मराठीत भांडायचंय."

बाईंना काही हवं आहे असं त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

रविवारी सकाळी कमिटीनं भेटायला बोलावलं. सोसायटीचे सेक्रेटरी दामलेसाहेब. मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले, आवाज मऊ. त्यांची बायको माझ्या ओळखीची, म्हणून मी सोबत गेले होते. वाटेत बसमध्ये मी बाईंना बजावलं, विचारलं तर तब्येतीसाठी घेते म्हणा. एका वाक्याचा प्रश्न आहे.

दामलेसाहेबांनी पोहे दिले, नगरची चौकशी केली आणि मग खाकरले. "बाई, आपल्याबद्दल जरा कानावर आलंय. आता तुमच्यात चालतं, ते आम्ही समजू शकतो."

"आमच्यात चालत नाही."

"बरं. तब्येतीसाठी वगैरे घेत असाल. डॉक्टरांनी सांगितलं असेल."

माणूस दार उघडून उभा होता. बाईंनी फक्त आत जायचं होतं. मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला.

"वत्सला, पाय काढ," बाई म्हणाल्या. "साहेब, तब्येत उत्तम आहे. आवडते म्हणून पिते. शनिवारी एक ग्लास. दुसरा प्यायलेली दिसले तर सामान बाहेर टाका."

"पण उघड्यावर पिता म्हणे?"

"ऊन उघड्यावरच असतं."

"विचार करून कळवतो," दामलेसाहेब म्हणाले. कमिटीचे बाकीचे दोघे पोह्यांतले शेंगदाणे शोधत होते. त्यातला एक आमच्या मीटिंगांचा जुना सभासद.

आम्ही फाटकापर्यंत आलो तोच दामलेवहिनी मागून धावत आल्या. मला वाटलं काही विसरलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच बाईंना विचारलं, "चव कशी असते हो? आमच्या ह्यांची देवघराच्या खालच्या कपाटात असते, तिचा नुसता वास मारतो."

बाईंनी नीट विचार केला. त्या कुठल्याही प्रश्नाला नीटच उत्तर द्यायच्या. "आधी आंबट. मग जीभ ओढल्यासारखी होते. मग थोडा वेळ काहीच नाही. आणि मग चांगलं वाटतं."

"अगोबाई," म्हणून वहिनी परत गेल्या.

कमिटीनं बाईंना काही कळवलं नाही. आमच्या ह्यांच्याकरवी नुसता निरोप आला की सोसायटीत लहान मुलं आहेत. आमच्या घरी मीटिंगा चालायच्या तेव्हा शेजारच्या खोलीत आमची मुलं पाढे म्हणत असायची, पण ते जाऊ द्या.

शेवटी बाईंना दिल्लीबाहेर, हरियाणातल्या फरीदाबादला एका मल्होत्राजींच्या घरी वरच्या दोन खोल्या मिळाल्या. मल्होत्राजी म्हणाले, "आप जो मर्जी पियो जी, बस नल खुला मत छोड़ना." बाईंनी सामान हलवलं. आणि थोड्याच महिन्यांत हरियाणात दारूबंदी आली. सरकार बदललं, बायकांना वचन दिलं होतं, ते पाळलं गेलं. एरवी सरकारं वचनं पाळत नाहीत. हे एक पाळलं ते नेमकं बाईंच्या नशिबी. दामलेसाहेब म्हणाले म्हणे, देवाच्या काठीला आवाज नसतो.

हरियाणात तेव्हा कोणाचं काही अडलं असं नाही. दुधाच्या कॅनमधून, स्टेपनीतून, दिल्लीहून सगळं जात होतं. मी म्हटलं, बाई, तुमची पिशवी कोण बघतंय? बाई म्हणाल्या, "कायदा आहे. आयुष्यभर दुसऱ्यांना नियम दाखवले, आता मेथीखाली बाटली लपवू?"

मग त्यांनी आपला मार्ग काढला. ह्यांची नोकरी अजून बाकी होती, क्वार्टर आमच्याकडे होतं. बाटली माझ्या स्वयंपाकघरात राहायला आली, तूरडाळीच्या डब्याशेजारी. दर शनिवारी बाई बस बदलत फरीदाबादहून यायच्या, आमच्या मागच्या अंगणात उन्हात बसायच्या, आपला एक ग्लास प्यायच्या, जेवायच्या, ग्लास स्वतः विसळायच्या आणि परत जायच्या. आमचे हे पहिल्या दिवशी म्हणाले, "आपल्या घरात दारू?" मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. 

मंडळात माझ्याबद्दल कुजबुज झाली. मी म्हटलं, होऊ दे. एकदा बाईंनी मला घोटभर दिली. जांभूळ खाऊन वर जीभ वाळत घातल्यासारखं वाटलं.

"मला नाही आवडली."

"छान," बाई म्हणाल्या. "मला पुरेल." मी खोटं बोलले नाही याचा त्यांना आनंदच झालेला दिसला. अजूनही मला ती आवडत नाही.

त्या हिवाळ्यात एका शनिवारी दामलेसाहेब आमच्या ह्यांच्याकडे गणपतीच्या कामाला आले. बाई अंगणात आहेत कळल्यावर स्वतःहून मागे आले. मी भाकरी भाजत होते, दारातून सगळं दिसत होतं.

"बाई, बरं झालं भेटलात," ते उभ्यानंच म्हणाले. "तो फ्लॅट पुन्हा रिकामा झालाय. आता हरियाणात राहून तुमची सवय सुटलीच असणार. मी कमिटीला एवढंच सांगतो, सुटली. पुढचं माझ्यावर सोडा."

ग्लास बाईंच्या खुर्चीमागे कठड्यावर होता, बाटली त्याच्या शेजारी. बाईंच्या खांद्याआड दोन्ही झाकलं गेलं होतं. मी तवा उतरवला आणि बाटली उचलून आत आणावी म्हणून निघाले. बाईंचा गुडघा तेव्हा सुजलेला असायचा. बसच्या पायऱ्या चढताना त्या आधी पिशवी वर टाकायच्या आणि मग दोन्ही हातांनी दांडा धरून स्वतःला ओढायच्या. आता त्या खाली बघत होत्या. मला वाटलं, बाई आता खोटं बोलणार. आणि खरं सांगते, बोलाव्यात असंच मला वाटत होतं.

मी पोचायच्या आत दामलेसाहेबांना बाटली दिसली. त्यांनी ती उचलली, चष्मा वर करून लेबल वाचलं आणि हसले. रागावले असते तर परवडलं असतं.

"ही? अहो बाई, हिच्यासाठी एवढं सगळं? ही तर केकवाले नेतात. मला वाटलं होतं काहीतरी बरं घेत असाल. इंपोर्टेड वगैरे असती तर मी कमिटीला समजावलं असतं, की बाईंची आवड आहे, हाय क्लास आहे. माझा मेव्हणा आणतो बाहेरून. पण ही म्हणजे अगदीच..."

"चाखलीत?" बाईंनी विचारलं.

"हिला? नाही बुवा."

"मग खाली ठेवा."

दामलेसाहेबांनी ठेवली.

"तुमच्या मेव्हण्याची मी चाखलेली नाही," बाई म्हणाल्या, "म्हणून तिच्याबद्दल मी काही बोलत नाही. ही मी इतकी वर्षं पिते आहे. चांगली आहे. स्वस्त आहे हा तिचा दोष नाही, आणि तुम्हाला माहीत नाही हाही तिचा दोष नाही. कमिटीला सांगा, सुटलेली नाही. स्वस्तातलीच पिते, हेसुद्धा सांगा."

"अहो, मी तुमच्या भल्यासाठी..."

"कळलं मला. वत्सला, पिठलं निवलं असेल, गरम कर."

दामलेसाहेब गेल्यावर बाई जेवल्या. नेहमीएवढ्याच जेवल्या. मी म्हटलं, "स्वतःबद्दल कोण काय बोललं तर तुम्ही ऐकून घेता, आणि बाटलीसाठी घर घालवलंत?"

"माझ्याबद्दल बोलायला मी आहे," बाई म्हणाल्या. "तिच्या बाजूनं कोण आहे?"

फ्लॅट एका रिटायर्ड अधिकाऱ्यांना मिळाला. ते पीत नाहीत. त्यांच्याकडे मीटिंगा मात्र पुष्कळ होतात.

पुढे दारूबंदी उठली. फरीदाबादचे ठेके उघडले, पण ती लाल बाटली तिकडे कोणी ठेवत नव्हतं, म्हणून बाई आमच्याकडे येतच राहिल्या. मग हे रिटायर झाले, क्वार्टर सुटलं, आम्ही मुलाकडे नोएडाला गेलो. सुनेच्या स्वयंपाकघरात तूरडाळीच्या डब्याची जागाही माझी नव्हती. बाईंचं येणं थांबलं. फोनवर बोलणं व्हायचं, तेही कमी. मल्होत्राजींची आई त्यांना रोज सरसोंचा साग पाठवायची, त्याबद्दल त्यांची तक्रार असायची की वाईनशी जमत नाही.

बाई शेवटच्या भेटल्या त्या दामलेसाहेबांच्या सोसायटीतल्या तिळगूळ समारंभात. महिला मंडळाचं आमंत्रण सगळ्यांना असतं. बाई काठी घेऊन आल्या होत्या, साडीची इस्त्री तशीच कडक. एका तरुण मुलीशी मराठीतून भांडण चाललं होतं, संक्रांतीला गुळाची पोळी जाड हवी की पातळ. बाईंचं म्हणणं जाड. रंगात आल्या होत्या. मुलगी हरली तेव्हा थोड्या हिरमुसल्या.

निघताना आम्ही त्या फ्लॅटवरून गेलो. व्हरांड्यात कोणीतरी मिरच्या वाळत घातल्या होत्या, कठड्यापासून दारापर्यंत. बाई थांबल्या. मला वाटलं गुडघा दुखतोय, म्हणून मीही थांबले.

"बरं झालं, घेतला नाही," त्या म्हणाल्या. "इथे ऊन फार कमी येतं."

एवढं बोलताना उन्हानं त्यांचे डोळे मिटत होते आणि त्यांनी कपाळावर हात आडवा धरला होता.  फाटकाशी ऑटो उभा होता, फरीदाबाद म्हटल्यावर ऑटोवाल्यानं नकाराची मान हलवली. बाईंनी आधी काठी आत टाकली आणि त्याच्याशी हिंदीत भांडायला सुरुवात केली.